जंगलाची राणी कोण?

पाणी भरून झालं असेल, जनावरांना वैरण टाकून झाली असेल, तर जरा टेका. आज आम्ही तुमच्याशी एका सिनेमाविषयी बोलणार आहोत. सिनेमा जुना आहे, परदेशी आहे, पण त्यातला नायक तुमच्या ओळखीचा आहे.

गावात एखादं पोर सारखं झाडावर चढत असलं, की आपण काय म्हणतो? "आला बघा टारझन!" हा टारझन मूळचा कुठला, त्याची गोष्ट कुणी रचली, हे ठाऊक नसलं तरी नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. आमच्यातल्या काहींनी १९८५ सालचा, हेमंत बिर्जेचा हिंदी टारझन पाहिलाय. त्याच्याही कितीतरी आधी, १९३७ साली, मुंबईच्या वाडिया कंपनीनं 'तूफानी टारझन' काढला होता. म्हणजे आपल्याकडे हा गडी जुनाच.

त्याचा जन्म मात्र झाला अमेरिकेत, कागदावर. एडगर राइस बरोज नावाच्या लेखकानं १९१२ साली एका मासिकात त्याची गोष्ट लिहिली. इंग्रज सरदाराचं तान्हं पोर आफ्रिकेच्या जंगलात पोरकं होतं, वानरांची माय त्याला पोसते आणि मोठेपणी तो अख्ख्या जंगलाचा राजा होतो. गंमत अशी, की बरोज आफ्रिकेत कधीच गेले नव्हते. मासिकातल्या त्या गोष्टीत त्यांनी आफ्रिकेच्या जंगलात चक्क वाघ सोडला होता! आफ्रिकेत सिंह आहेत, बिबटे आहेत, पण रानात हिंडणारा वाघ तिथं नाही. वाचकांनी चूक दाखवली आणि पुढं पुस्तक निघालं तेव्हा ती दुरुस्त झाली.

१९१८ साली या गोष्टीवर पहिला मूकपट आला. तेव्हापासून टारझनच्या सिनेमांची रांगच लागली. सगळ्यांत गाजला तो जॉनी वाइसम्युलर. हा ऑलिंपिकमध्ये पोहण्याची पाच सुवर्णपदकं मिळवलेला गडी. १९३२ पासून १९४८ पर्यंत त्यानं बारा सिनेमांत टारझनचं काम केलं. ती लांबलचक आरोळी त्याच्याच सिनेमांतून जगभर गेली.

या सिनेमांतलं जंगल बहुतेक वेळा अमेरिकेतच उभं केलेलं असायचं. आफ्रिकेचा हत्ती मोठ्या कानांचा, तसा तिथं मिळायचा नाही. मग आपल्याकडच्या जातीचे, लहान कानांचे माणसाळलेले हत्ती आणायचे आणि त्यांना मोठे खोटे कान चिकटवायचे. आपल्या पोळ्याला बैलांना बेगड लावतात, तसाच हा थाट म्हणायचा! प्रेक्षक मात्र तोच आफ्रिकेचा हत्ती समजून टाळ्या वाजवायचे.

टारझनची बायको जेन. १९३६ च्या सिनेमात तिचं घर झाडावर आहे. त्या घरात वर-खाली करायला पाळणा आहे, तो हत्ती ओढतो. डोक्यावरचा पंखा माकड हलवतं. बघायला फार मौज वाटते. पण पंख्याला आणि पाळण्याला जनावर जुंपलं, तरी घर सांभाळायचं ते जेननंच! एवढ्या मोठ्या जंगलात तिच्या वाट्याला काय येतं? घर राखायचं, संकटात सापडायचं आणि नवरा सोडवायला येईपर्यंत वाट बघायची.

आता आजच्या सिनेमाकडे येऊ. त्याचं इंग्रजी नाव 'टारझन्स पेरिल'. म्हणजे टारझनवरचं संकट. साल १९५१. वाइसम्युलर जाऊन त्याच्या जागी लेक्स बार्कर नावाचा उंचापुरा नट आला होता, त्याचा हा तिसरा टारझन. या मालिकेसाठी चित्रीकरण करायला पथक खरोखर आफ्रिकेत, केनिया देशात गेलं, ते या वेळी पहिल्यांदा. सिनेमा रंगीत करायचा बेत होता. पण तिकडं घेतलेलं रंगीत चित्रीकरण बरंचसं वाया गेलं. शेवटी सिनेमा काळा-पांढराच आला, आणि त्यातलं पुष्कळसं काम अमेरिकेतच उरकलेलं होतं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. अशुबा नावाची एक शांत जमात आहे. त्यांच्या गादीवर मेलमेंडी नावाची तरुण राणी आहे. शेजारच्या जमातीचा राजा बुलाम तिला लग्नाची मागणी घालतो. ती सरळ नाही म्हणते. त्याला तो अपमान वाटतो. तेवढ्यात तुरुंगातून पळालेला एक गोरा बदमाश चोरट्या बंदुका घेऊन येतो आणि बुलामला विकतो. इंग्रज सरकारचा भला कमिशनर या बदमाशाच्या हातून मारला जातो. बंदुका हाती येताच बुलाम अशुबांवर चाल करतो आणि राणीला पकडून नेतो. मग येतो टारझन. तो राणीला सोडवतो, बुलामचा काटा काढतो आणि शेवटी जेनच्या जिवावर उठलेल्या त्या बदमाशालाही संपवतो. जंगलात पुन्हा शांतता.

मैत्रिणींनो, या गोष्टीत आम्हाला दोन बाया दिसल्या. एक जेन, एक मेलमेंडी. दोघींवर संकट येतं, दोघींना एकच पुरुष सोडवतो. पण मेलमेंडीची एक गोष्ट वेगळी आहे. ती बळजोर माणसाच्या तोंडावर नाही म्हणते. लग्नाला नाही म्हणणं किती जड असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सिनेमात तिच्या नकाराची किंमत तिच्या सगळ्या गावाला मोजावी लागते, आणि तो नकार टिकवायला बाहेरून माणूस यावा लागतो. तरीही त्या घटकेला ती ताठ उभी असते.

ही राणी झाली होती डोरोथी डँड्रिज. १९२२ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात जन्मलेली कृष्णवर्णीय मुलगी. आई नटी होती. डोरोथी आणि तिची बहीण अगदी लहानपणापासून गावोगाव नाचगाण्याचे कार्यक्रम करत फिरल्या. आपल्याकडे तमाशाच्या फडाबरोबर लहान लेकरं फिरायची, तसंच ते आयुष्य. पुढं लग्न झालं, १९४३ साली मुलगी झाली, तीही जन्मापासून मेंदूला इजा झालेली. त्या लेकराचा भार घेऊन ही बाई काम शोधत होती.

तेव्हाच्या अमेरिकेत काळ्या नटीला काम काय मिळायचं? बहुतेक वेळा मोलकरणीचं. गोऱ्या मालकिणीच्या मागं ताट धरून उभं राहायचं. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसांनी बसमध्ये मागं बसायचं, त्यांच्या शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे. ज्या बड्या हॉटेलांत काळे कलाकार गाऊन प्रेक्षकांची मनं जिंकायचे, तशा कितीतरी हॉटेलांत त्यांना रात्री खोली मिळायची नाही. पाणवठा वेगळा असणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कितीतरी बायांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अशा काळात डोरोथीला राणीचं काम मिळालं. तीही कशी राणी? शेवटी गोऱ्या माणसानं सोडवायची अशी. पण तिनं ते काम मान वर ठेवून केलं. तीनच वर्षांनी, १९५४ साली, 'कार्मेन जोन्स' या सिनेमात ती नायिका झाली. त्या कामासाठी मुख्य अभिनेत्रीच्या ऑस्कर पारितोषिकाला तिचं नाव गेलं. या मानाच्या यादीत नाव आलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पारितोषिक तिला मिळालं नाही. त्यानंतरही तिच्या तोलाची कामं फारशी चालून आली नाहीत. १९६५ साली, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ती गेली. ते पारितोषिक एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या हाती पडायला २००२ साल उजाडलं. त्या नटीनं, हॅली बेरीनं, पारितोषिक हातात घेऊन रडत रडत ज्यांची नावं घेतली, त्यांत डोरोथीचं नाव होतं.

आता पडद्यामागं आणखी जरा खोल जाऊ. चित्रीकरणाचं पथक केनियात गेलं होतं, असं आम्ही म्हटलं. त्या वेळी केनियात खरोखर काय चाललं होतं?

केनिया तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. डोंगराळ, थंड, सुपीक जमीन गोऱ्या शेतमालकांसाठी राखून ठेवलेली होती. पिढ्यान् पिढ्या तिथं राहिलेली किकुयू माणसं आपल्याच मुलखात मजूर झाली होती. कॉफीसारखं नगदी पीक स्वतःच्या रानात लावायला त्यांना कितीतरी वर्षं आडकाठी होती. आफ्रिकन पुरुषांना ओळखीचा कागद पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवून फिरावं लागे. बांधबंदिस्तीची कामं सक्तीनं करून घेतली जात, आणि त्या कामावर राबायच्या मुख्यतः बायका. १९४८ साली मुरांगा भागातल्या बायकांनी या सक्तीच्या कामाला ठाम नकार दिला आणि मोर्चे काढले. बघा, सिनेमातल्या राणीच्या तीन वर्षं आधी, त्याच देशात, डोक्यावर मुकुट नसलेल्या बायका "नाही" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या! त्यांना सोडवायला वेलीला लोंबकळत कुणी आलं नव्हतं.

सिनेमात यातलं अक्षरही नाही. जमीन कुणाची, हा प्रश्नच तिथं निघत नाही. तिथं इंग्रज कमिशनर भला आहे. आफ्रिकेतली माणसं एक तर भोळी आहेत नाहीतर क्रूर आहेत. बंदूक वाईट माणसाकडून आली म्हणून भांडण झालं, बंदूक गेली की भांडण मिटलं, एवढाच हिशोब.

सिनेमा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५२ मध्ये, इंग्रज सरकारनं केनियात आणीबाणी लावली. जमिनीसाठी आणि स्वातंत्र्यासाठी हजारो किकुयू माणसं जंगलात शिरून लढू लागली होती. या लढ्याला माऊ माऊ म्हणतात. न्यांदारुआच्या डोंगरात आणि माउंट केनियाच्या रानात त्यांचे तळ होते. गावातल्या बायका त्यांना चोरून भाकरतुकडा पोचवत, निरोप नेत. हे तोडण्यासाठी सरकारनं दहा लाखांवर माणसं आपापल्या घरांतून उठवून कुंपणाच्या वस्त्यांत कोंडली. रानाच्या कडेनं लांबच लांब खंदक खणून घेतला, तोही सक्तीनं, आणि त्यात बायका राबल्या. एक हजाराहून जास्त माणसांना फाशी दिली. छावण्यांत जे हाल झाले, त्याबद्दल इंग्रज सरकारनं २०१३ साली खेद व्यक्त केला आणि पाच हजारांहून जास्त म्हाताऱ्या-कोताऱ्यांना भरपाई दिली. साठ वर्षांनी.

या खऱ्या जंगलात एक खरी बाई होती. त्यांचं नाव मुथोनी वा किरिमा. सिनेमा आला तेव्हा त्या विशीच्या असतील. नवरा लढायला रानात गेला. मुथोनीबाई आधी गावात राहून लढणाऱ्यांना मदत करत होत्या, मग स्वतःच रानात गेल्या. तिथं त्या फील्ड मार्शल या सगळ्यांत वरच्या हुद्द्यापर्यंत पोचल्या. माऊ माऊच्या लढ्यात हा हुद्दा मिळालेली ही एकटीच स्त्री. लढ्याचे पुढारी देदान किमाथी त्यांना सुगरण पक्षी म्हणत, कारण त्या डावपेच नीट विणत असत. आपल्या मराठीत सुगरण म्हटलं की चूलही आठवते आणि घरटंही. तिकडच्या सुगरणीनं लढाई विणली.

१९६३ च्या डिसेंबरात केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा मुथोनीबाई रानातून बाहेर आल्या. लढ्यात वाढवलेले केस त्यांनी कापले नाहीत. ज्यासाठी लढलो ते पदरात पडलेलं दिसू दे, मग कापीन, असं त्यांचं म्हणणं. अखेर २०२२ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी ते केस उतरवले. पुढच्या वर्षी त्या गेल्या. जवळजवळ सत्तर वर्षं एका बाईनं आपला इतिहास डोक्यावर वागवला.

त्याच न्येरी भागात, १९५१ साली, अकरा वर्षांची एक मुलगी मिशनच्या शाळेत राहायला गेली. तिचं नाव वांगारी. वडील गोऱ्या मालकाच्या शेतावर कामाला. ही लहान असताना आईबरोबर सरपण गोळा करायची. आईनं तिला सांगून ठेवलं होतं, की अमुक झाडाच्या काटक्या घ्यायच्या नाहीत, ते देवाचं झाड आहे. ते झाड म्हणजे आपल्या वड-पिंपळ-उंबराच्याच कुळातलं. त्याच्या मुळाशी झरा होता. आपल्याकडे देवराईतली काडी घरी न्यायची नाही म्हणतात ना, तीच ही रीत. आपल्यापासून इतक्या लांब, समुद्रापार, तिथल्या आईनंही लेकीला हेच शिकवलं होतं.

वांगारी शिकली, अमेरिकेत जाऊन आली, १९७१ साली डॉक्टरेट मिळवली. पूर्व आफ्रिकेत एवढी पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री. गावी येऊन बघते तर ते झाड तोडलेलं आणि झरा आटलेला. खेड्यांतल्या बायका सांगू लागल्या, सरपण मिळत नाही, पाणी लांब गेलं, जनावराला चारा नाही. तेव्हा तिनं म्हटलं, मग झाडं लावू या. १९७७ च्या ५ जूनला, पर्यावरण दिनी, नैरोबीत सात रोपं लावून ग्रीन बेल्ट म्हणजे हरित पट्टा चळवळ सुरू झाली. वनखात्याच्या लोकांना वाटलं, शिकल्या-सवरल्याशिवाय रोपवाटिका कशी जमणार? बायकांनी फुटक्या मडक्यांत, जुन्या डब्यांत बी पेरून दाखवलं. जगलेल्या प्रत्येक रोपामागं बाईला थोडे पैसे मिळत. २००४ साली वांगारी मथाई यांना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं, तोवर या बायकांनी तीन कोटींहून जास्त झाडं लावली होती. शांततेचं नोबेल मिळवणारी आफ्रिकेतली ती पहिली स्त्री.

म्हणजे बघा, सिनेमाचं पथक ज्या देशात जंगलाचा राजा दाखवायला गेलं, त्याच देशात त्याच साली या दोघी होत्या. एक पुढं रानात लढली, दुसरीनं पुढं रान उभं केलं. आणि अमेरिकेतल्या त्या खोट्या जंगलात तिसरी, डोरोथी, राणीचा मुकुट घालून उभी होती. बाहेर तिच्या माणसांना बसमध्ये मागं बसावं लागत होतं.

तर टारझन बघायचाच नाही का? तसं आमचं म्हणणं नाही. आम्हीही हसलो, आरोळ्या ठोकल्या, मगरीशी झुंज आली की पदर तोंडाला लावला. पण गोष्ट कुणी सांगितली, हे विचारायला पैसे पडत नाहीत. ज्यानं आफ्रिका कधी पाहिली नाही त्यानं गोष्ट सांगितली, म्हणून रानात नसलेला वाघ आला. वाघाची चूक वाचकांनी पकडली आणि ती सुधारली. रानात असलेल्या बायका मात्र गोष्टीतून गळल्या, ती चूक पकडायला कितीतरी वर्षं गेली.

आपल्या गावच्या रानाचीही गोष्ट आहे. कुणी गायरान राखलं, कुणी सरपणाच्या मोळ्या वाहून संसार ओढला, कुठल्या आजीनं कुठलं झाड तोडू दिलं नाही, कुणाची जमीन कशी गेली. ती गोष्ट आपण सांगितली नाही, तर उद्या कुणीतरी बाहेरून येईल आणि त्याला सुचेल तशी सांगेल.

म्हणून एक काम सांगतो. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, की दहा मिनिटं राखून ठेवा. गटातल्या सगळ्यांत थोरल्या बाईला मध्ये बसवा आणि तिला तिच्या लहानपणचं रान विचारा. कोणती झाडं होती, पाणी कुठं होतं, तिथं जायला कुणाला मनाई होती. ती सांगेल ते मोबाइलवर भरून घ्या, नाहीतर वहीत लिहून काढा, आणि आमच्याकडे घेऊन या. या रेडिओवरून आम्ही ते तिच्याच आवाजात, तिच्याच बोलीत ऐकवू.

आता उठा, चूल वाट बघत असेल. नमस्कार.